पाणी उतरल्यावर

“पाणी चढत असतं ना, तोवर घरातले सगळे एक असतात. उतरल्यावर बघायचं, कोण कुठं उभं राहतंय ते.”

मामी हे बोलली तेव्हा तिच्या मांडीवर दिवाळी अंक उघडा होता. त्यात माझी कथा छापून आली होती. सप्टेंबर २००८ चा गोदावरीचा पूर, नाशिकच्या भांडी बाजारातलं एक दुकान, दुकानावर घर, आणि जिन्यात उभी राहून बुडणाऱ्या पायऱ्या मोजणारी एक बाई. पाणी सहाव्या पायरीला लागतं, बाई हातातला तांब्याचा हंडा पोटाशी धरते, आणि तिथं मी कथा संपवली होती. त्या शेवटावर माझा फार जीव होता.

मामीनं चष्मा काढून पदरानं पुसला. “छान लिहिलंयस. पण तू पाणी चढतानाच उठून गेलीस. आमचं तर त्याच्यापुढं सुरू झालं.”

आणि मग ती दीड तास बोलत राहिली. पाणी ओसरलं तेव्हा दुकानात गुडघाभर गाळ होता. हंडे, कळश्या, घंगाळं, पातेली, सगळी गाळानं काठोकाठ भरलेली. गाळ वाळला की दगड होतो, म्हणून ओला आहे तोवर काढायचा. घरातली माणसं आणि कारागीर आठ दिवस तेवढं एकच काम करत होते. रोजमेळाच्या, म्हणजे रोजच्या जमाखर्चाच्या, वह्या भिजून उशीएवढ्या फुगल्या होत्या. मामीनं एकेक पान सोडवलं आणि मंद आचेवर तव्यावर शेकलं. शाई पसरली होती, पण आकडे लागत होते. आणि या सगळ्यात, बहुतेक नवव्या दिवशी, तिच्या धाकट्या दिरांनी जेवता जेवता विचारलं, की जिन्यावरून पहिली पेटी कुणाची वर गेली?

घाईत ज्याच्या हाताला जे लागलं ते त्यानं उचललं होतं. धाकट्यांचा बराच माल खाली राहिला. कुणी मुद्दाम केलं नव्हतं. पण तो प्रश्न त्या गाळासारखाच वाळत गेला, आणि तीन वर्षांनी दुकानाच्या मधोमध भिंत उभी राहिली.

मी निघाले तेव्हा अंधार पडला होता. घाटावरून जाताना नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीपाशी थांबले. पुराच्या दिवसांत धरणातून किती क्युसेक पाणी सोडलं हे नाशिककर ऐकतात खरं, पण मोजतात ते या मारुतीवर. गुडघ्याला लागलं, कमरेला आलं, छातीवर गेलं. मीही लहानपणापासून तशीच मोजत आलेय, आणि माझ्या कथेतल्या बाईच्या पायऱ्या तिथूनच आल्या होत्या. पण उतरणारं पाणी मारुतीवर कुणी मोजल्याचं मला आठवेना. त्या रात्री मला पहिल्यांदा वाटलं, की हे माझ्या कथेत मावणार नाही.

*

पंधरा वर्षं मी फक्त कथा लिहिल्या. मराठी कथा लिहिणाऱ्याचं वर्ष दिवाळीला संपतं आणि दिवाळीनंतर सुरू होतं. १९०९ साली ‘मासिक मनोरंजन’नं पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून आपल्याकडं कथेला हे हक्काचं अंगण आहे. जुलैअखेर कथा पाठवायची, तीन-साडेतीन हजार शब्द, फार तर चार हजार. ही मर्यादा मला कधी जाचली नाही. उलट मी तिच्याच हाताखाली शिकले. कुठून आत शिरायचं, काय न सांगता सोडायचं, कोणत्या वाक्यावर निघायचं.

मराठीत कथा आणि कादंबरी यांच्यात थोरली कोण हा वाद जुना आहे. भालचंद्र नेमाडे कथेला कादंबरीच्या खाली बसवतात हे इथं लिहिणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. मला ते कधीच पटलं नाही, आज कादंबरीची जुळवाजुळव करतानाही पटत नाही. जी. ए. कुलकर्णींनी स्वतंत्र कादंबरी लिहिली नाही, म्हणून त्यांचं काही उणं राहिलं असं कोण म्हणेल? कथा म्हणजे कादंबरीची बालवाडी नव्हे. माझ्याकडं जे आलं होतं तेच वेगळ्या जातीचं होतं, एवढाच माझ्यापुरता मुद्दा आहे. चढत्या पाण्याला एक दुपार पुरली. उतरलेल्या पाण्याला तीन वर्षं लागली होती. आणि नीट पाहिलं तर तीनही नाहीत, कारण त्या घरात ‘पहिली पेटी कुणाची’ हा प्रश्न विचारला जावा इतकी जागा आधीच कधीतरी मोकळी झालेली असणार. ती कधी झाली? १९६९ च्या पुरात, सासऱ्यांच्या काळात? की पुढं स्टेनलेस स्टील आलं आणि तांब्या-पितळेची गिऱ्हाइकं हळूहळू तुटत गेली, तेव्हा?

हे कळून घ्यायला मला तिथं राहावं लागणार होतं. कथेनं मला उठून जायला शिकवलं होतं. राहायला कुणी शिकवलंच नव्हतं.

*

सुरुवातीला मी जे येत होतं तेच केलं. पहाटे पाच ते साडेसहा हा माझा लिहिण्याचा वेळ, नंतर डबे आणि नोकरी. आठ महिन्यांत सहा प्रकरणं झाली, एकशे दहा पानं. एका जाणत्या संपादकांना वाचायला दिली. त्यांनी कथा म्हणून माझं बरंच काही छापलं आहे, त्यामुळं ते हातचं राखून बोलणार नाहीत याची खात्री होती. पंधरा दिवसांनी त्यांचा फोन आला. म्हणाले, “प्रकरणं एकेक वाचली तर चांगली आहेत. पण तुमचं प्रत्येक प्रकरण शेवटी आतून कडी लावून घेतं. दुसऱ्या प्रकरणात मी जावं कशाला?”

मी फोन ठेवला आणि सहाही प्रकरणांची शेवटची पानं टेबलावर शेजारी शेजारी मांडली. त्यांचं खरं होतं. एकात सासू देवघरातला दिवा मालवते. एकात मुलगी पूल ओलांडून पंचवटीकडं चालू लागते. एकात हातोडीचा आवाज बंद पडतो. सहा शेवट, आणि प्रत्येकानंतर एक लांब शांतता. वाचणाऱ्यानं थोडं थांबावं, मान हलवावी, अंक मिटावा, असे ते शेवट होते. कथेच्या शेवटाला ती शांतता लागते. पण सहा वेळा शांत झालेल्या घरात सातव्यांदा आवाज कुठून आणायचा?

ती एकशे दहा पानं मी बाजूला ठेवली. फाडली नाहीत.

उपाय मला मामीच्या तव्यावर शेकलेल्या वहीत सापडला. तिनं त्यातली एक वही जपून ठेवली आहे. पानं पापडासारखी वाजतात, कडांना गाळाची तांबूस रेघ आहे. मी ती पाहायला मागितली होती भाषेसाठी, मालाची नावं, वजनं, कारागिरांची मजुरी कशी लिहीत ते कळावं म्हणून. पण पाहता पाहता लक्षात आलं ते वेगळंच. रोजमेळाचं कुठलंही पान संपत नाही. दिवसभराची जमा झाली, नावे झाली, आणि तळाशी शिल्लक. दुसऱ्या दिवसाच्या पानावर पहिली ओळ त्याच आकड्याची, ‘श्री शिल्लक’. कालचं जे उरलं त्यावर आज उघडतो. लक्ष्मीपूजनाला वही बदलते, तरी शिल्लक नव्या वहीत चालत जाते.

त्यानंतर मी प्रत्येक प्रकरणाच्या आराखड्याखाली एक ओळ लिहायला लागले, शिल्लक काय? कोण कुणाचं काय देणं लागतो? सासू दिवा मालवते ते ठीक, पण त्याआधी तिनं थोरल्या सुनेकडं मागितलेली किल्ली मिळाली का? नाही मिळाली. मग ती किल्ली पुढच्या पानावर पहिल्या ओळीत. हे लिहायला सोपं आहे, हाताला वळण लागायला जड जातं. माझा हात अजूनही तिसऱ्या-चौथ्या पानावर शेवट शोधायला लागतो. परिच्छेद आपोआप उतरता व्हायला लागतो, वाक्यं आखूड होतात, आणि मला कळतं की मी परत निघायच्या तयारीला लागले.

*

दुसरी अडचण सनावळीची. कथेत मी बाईला ‘पन्नाशीची’ म्हणून सोडून दिलं होतं. कादंबरीत असं चालत नाही. ती २००८ ला पन्नाशीची, तर १९६९ ला ती दहाची की बाराची? तिच्या सासूनं आधीचा पूर पाहिला, तर सासू तेव्हा नवी नवरी की दोन लेकरांची आई? मी एक लाल बाडाची लांब चोपडी आणली आणि उभी घरं आखली. डावीकडं साल, मग प्रत्येक माणसाचं वय, मग घरात काय झालं, मग गावात काय झालं. शिस्तीत पहिल्यांदा १९६९ ते २०११ एवढी वर्षं उतरवली. माझी मोठ्या सुनेची जागा मी मामीवरून घेतली आहे, म्हणून तिचं लग्न ठरवलं फेब्रुवारी १९८० मध्ये, आणि हौसेनं मामीला दाखवलं.

मामीनं बोट ठेवलं तिथंच. “ऐंशीत? अगं, सिंहस्थ होता. गुरू सिंहेत असताना आपल्याकडं लग्न लावतात होय? आमचं ठरलेलं होतं, पण म्हणूनच तर वर्षभर थांबलं आणि एक्क्याऐंशीत झालं.”

मी नाशिकची. २००३ चं आणि २०१५ चं सिंहस्थ डोळ्यांनी पाहिलेलं, रस्ते बंद असताना सायकलवरून कामावर गेलेली. आणि ही गोष्ट मला सुचली नव्हती. लग्न वर्षभर पुढं सरकलं तसं सगळं सरकलं. मुलीचं वय, धाकट्या जावेचं घरात येणं, सासूचं आजारपण. दोन दिवस खोडत बसले. पण त्यातून मला जे मिळालं ते मी स्वतःहून कधीच रचू शकले नसते. लग्न ठरलेलं, पण गुरू पालटेपर्यंत वर्षभर माहेरीच थांबलेली मुलगी. वर्षभर तिला त्याच घराबद्दल बरं-वाईट ऐकू येत राहतं. कुणी सांगतं धंदा बसत चाललाय, कुणी सांगतं सासू कडक आहे. ती घरात शिरायच्या आधीच घर तिच्यात शिरलेलं असतं. आता माझी कादंबरी त्या वर्षात सुरू होते.

असंच आणखी एक, मामीच्या सासूबाईंचं. त्या सांगायच्या म्हणे, बहात्तरच्या दुष्काळात खेड्यापाड्यांतून बाजारात मोड यायची. लोक घरातली तांब्या-पितळेची भांडी मोडीत घालायचे. दुकानात ढीग लागायचा. आपल्याकडं भांड्यावर नाव घालायची रीत, कुणाच्या लग्नात कुणी दिलं ते कोरलेलं असायचं. ‘चि. सौ. कां. हिस मामाकडून’. वितळायला पाठवण्याआधी सासूबाई त्या ढिगाशी बसून नावं वाचायच्या. एकेका हंड्यावर बाईचं नाव, गावाचं नाव, तारीख. पुरुष वजन करायचे आणि त्या वाचायच्या. एवढंच.

मामी हे सांगताना मी मनातल्या मनात कथा लिहून मोकळी झाले होते. वजनकाट्याचा आवाज, नावं वाचणारी बाई, शेवटच्या भांड्यावर तिला तिच्याच माहेरचं गाव दिसतं. दोन हजार शब्दांत बसली असती आणि चांगली झाली असती. मी ती लिहिली नाही. ती नावं वाचणारी बाई पुढं तीस-पस्तीस वर्षं त्या घरात जगणार आहे. भिजलेल्या वह्यांतलं पानही फेकू द्यायची नाही, सुनेला तवा तापवायला तीच सांगेल. का सांगते हे कुणाला कळणार नाही. वाचणाऱ्याला बहुधा कळेल, कारण त्यानं तिला ढिगापाशी पाहिलेलं असेल. कथेत मी ढीग आणि तवा जवळ जवळ ठेवले असते. इथं मध्ये छत्तीस वर्षं आहेत, आणि त्यांचं सगळं वजन वाक्यांना पेलावं लागणार आहे.

*

मी द्राक्षबागायतदारांसाठी माती, पाणी आणि पान-देठ तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये आमच्याकडं दिंडोरी, निफाड, पिंपळगावकडून शेतकरी काड्यांच्या जुड्या घेऊन येतात, ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या. ऑक्टोबर छाटणीआधी काडीत माल आहे का ते बघून घ्यायचं असतं. मी काडीचा एकेक डोळा, म्हणजे फूट येते ती कळी, ब्लेडनं कापते आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरते. बाहेरून डोळा तपकिरी, कोरडा, मेल्यासारखा दिसतो. आत कोवळ्या पोपटी रंगाची घडी असते, आणि असेल तर त्या घडीत मोहरीहून बारीक असा घड. आख्खा घड, खांद्यासकट. पहिला डोळा नाही, दुसरा नाही, तिसरा नाही, सबकेनच्या, म्हणजे शेंडा मारल्यावर फुटलेल्या उपकाडीच्या, गाठीजवळ आहे. मी कागदावर तसं लिहून देते, आणि शेतकरी त्याप्रमाणे कुठं कात्री लावायची ते ठरवतो.

वीस वर्षं हे करते आहे, आणि दर वर्षी मला त्याचं तितकंच वाटतं. फेब्रुवारी-मार्चमध्ये जो घड तोडायचा, तो ऑक्टोबरच्या छाटणीत तयार होत नाही. तो झालेला असतो त्याच्याही आधी, मे-जूनमध्ये. माल काढून झाला की एप्रिलमध्ये बाग खरडून छाटतात. ती खरड छाटणी. मांडव उघडा पडतो, नुसती खोडं आणि त्यांच्या आडव्या फांद्या, म्हणजे ओलांडे, दिसतात. मग नवी फूट येते, विरळणी होते, सातव्या पानावर शेंडा मारतात, आणि त्या काड्यांच्या डोळ्यांत, बाहेर काहीही दिसत नसताना, पुढच्या वर्षीचा माल बसतो. त्या दिवसांत ऊन मिळालं नाही, ढग राहिले, काडीला भूक लागली, तर घड धरत नाही. किंवा धरला तरी गोळी घड, म्हणजे अर्धवट गोळा, निघतो आणि पुढं जिरून बाळी, म्हणजे वेलीचा नुसता ताणा, होते. ऑक्टोबरनंतर कितीही खतं घाला, जे डोळ्यात नाही ते बाहेर येत नाही.

मागच्या वर्षी एक जण आले होते, मोहाडीकडचे, वयस्कर. मी दोनदा डोळे कापले, माल फारच कमी होता. त्यांना सांगायला मला जड जात होतं. ते म्हणाले, “ताई, मला मे महिन्यातच कळलं होतं. तेव्हा घरात दुखणं होतं, बागेत पाय ठेवला नाही.” मग जुडी गुंडाळली आणि गेले.

मी आता एप्रिल छाटणीनंतरच्या दिवसांत आहे. चौदा महिने झाले. चोपडी भरत आली, माणसांची वयं जुळली, किल्ली कुठून कुठं जाते ते ठरलं. पण दाखवण्यासारखं एकही पान नाही. यंदाच्या दिवाळी अंकांसाठी दोन संपादकांचे फोन आले आणि मी नाही म्हटलं. पंधरा वर्षांत पहिल्यांदाच. दिवाळीत अंक चाळताना अनुक्रमणिकेत स्वतःचं नाव नसणं मला वाटलं होतं त्याहून जास्त लागलं. लोक विचारतात, यंदा काय लिहिलं? मी म्हणते, चाललंय. आणि ते खरं आहे, तरी बोलताना खोटं बोलल्यासारखं वाटतं. बागायतदाराला एक सोय आहे, शंका आली तर तो काडी कापून आणू शकतो. माझी काडी कापून बघायला सूक्ष्मदर्शक नाही. डोळ्यात काही बसलंय की नाही, हे लिहायला बसल्यावरच कळणार.

*

एक गोष्ट मी बरेच दिवस टाळत होते. कथेसाठी मी मामीच्या घरातून एक दुपार घेतली होती, नावं बदलून, आणि तिचं कुणाला काही वाटलं नाही. आता मी सगळं घर मागत होते. धाकटे मामा अजून आहेत. भिंत अजून आहे. दोन्ही बाजूंची मुलं एकमेकांच्या लग्नात जातात, पण पुराचा विषय काढत नाहीत. ‘पहिली पेटी कुणाची’ हे पुस्तकात छापून आलं तर?

गेल्या महिन्यात मी मामीकडं जाऊन सरळ विचारलं, “मामी, हे मी लिहू ना?”

ती वाटाणे सोलत होती. बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, “लिही. पण त्यांच्या बाजूचंही लिही. मी तुला आमच्या बाजूचंच सांगितलंय. त्यांनी त्या दिवशी खालून काय काय ओढून काढलं, ते मी वर होते, मला दिसलंच नाही.”

म्हणजे मला भिंतीपलीकडं जायला हवं. धाकट्या मामांकडं, धाकट्या मामींकडं. मी अजून गेले नाही. पुढच्या रविवारी जाणार आहे.

उठताना मी तिला म्हटलं, मला जिना एकदा नीट बघायचाय. त्या घरात मी लहानपणापासून शेकडो वेळा चढले-उतरले आहे, आणि कथेत न बघताच नऊ पायऱ्या लिहून टाकल्या होत्या. नऊ हा आकडा कानाला बरा वाटला होता. आता मोजल्या, तर अकरा निघाल्या. पहिल्या तीन दगडी, वरच्या लाकडी. सहावीवर पाणी लागल्याची काहीच खूण नाही. सातवीच्या कडेला आहे, हाताला लागते, लाकूड तिथं खरबरीत आणि काळं पडलंय.

मामी मला दारापर्यंत सोडायला खाली उतरायला लागली. मी नको म्हणत होते, तिनं ऐकलं नाही. गुडघे धरून एकेक पायरी उतरत चौथीवर आली आणि बसली. “इथं थांबावं लागतं आताशा,” म्हणाली. खालून तांबट लेनच्या बाजूनं ठोक्यांचा आवाज येत होता, एकाच हातोडीचा. आम्ही दोघी तिथं बसलो. मी पिशवीतून चोपडी काढली, शेवटचं घर अजून कोरं होतं, आणि त्यात लिहिलं, अकरा पायऱ्या, चौथीवर बसते.